तळपायाची आग

संतापलेल्या माणसाच्या तळपायाची आग मस्तकाला जाते, असं आपण सहज म्हणून जातो. भाडेकरू जागा सोडत नाही, रिक्षावाला सुटे पैसे देत नाही, जावईबापू दिवाळीला येऊनही गाल फुगवून बसतात. झाली आग सुरू! वापरून वापरून हा वाक्प्रचार इतका गुळगुळीत झालाय, की तळपायाला खरोखरीच आग लागते अशी माणसं जगात असतील, हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

अशी माणसं आहेत. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एका मोठ्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हा प्रकार चालत आलेला आहे. पायात मोजे चढवले, खोलीत जरा ऊब आली, चार पावलं भरभर चालणं झालं, की यांचे पाय लालबुंद होतात आणि आतून पेटतात. तापलेला लाव्हा ओतल्यासारखं वाटतं, असं हे रुग्ण सांगतात. मग बर्फाच्या पाण्यात पाय घालून बसायचं. तेही इतका वेळ, की कातडी खराब होऊन जखमा व्हाव्यात. या रोगाचं नाव एरिथ्रोमेलाल्जिया. अमेरिकन यादवी युद्धात जखमी सैनिकांच्या मज्जातंतूंवर उपचार केलेल्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरने १८७८ साली ते वापरलं. लाल, अवयव आणि वेदना या तीन ग्रीक शब्दांची ही मोट. रोगाला नाव मिळालं, पण कारण मिळायला सव्वाशे वर्षं जावी लागली.

ते कारण शोधणाऱ्यांत येल विद्यापीठाचे डॉ. स्टीफन वॅक्समन आघाडीवर होते. या शोधाची हकिगत त्यांनी ‘चेसिंग मेन ऑन फायर’ या २०१८ सालच्या पुस्तकात सांगितली आहे. पेटलेल्या माणसांच्या मागावर, असं म्हणू या. हा विषय माझ्याकडे ऑफिसातून आलेला नाही, घरातून आला. तो माझ्या आत्याचा आहे.

आत्या साताऱ्याला राहते. वय अडुसष्ट, मधुमेह वीस वर्षांचा. दिवसा तिच्याकडे बघून कुणाला काही शंका यायची नाही. पोळ्या लाटते, भिशी चालवते, टीव्हीवरच्या बातम्यांना उलट उत्तरं देते. रात्र पडली की मात्र तिचे पाय सुरू होतात. ‘सुरू होतात’ हा तिचाच शब्द. साताऱ्याची थंडी अंगावर घेत ती पाय पांघरुणाबाहेर काढून झोपते, कारण चादरीचा नुसता स्पर्श तिला काट्यांसारखा टोचतो. दोन-तीन वाजता उठून स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभी राहते. फरशी गार असते तोवर बरं. एका जागची फरशी तापली की दुसरीवर सरकायचं. गेल्या हिवाळ्यात मी तिथे मुक्कामाला असताना पाणी प्यायला उठलो, तर ही अंधारात ओट्याला टेकून उभी. ‘झोप रे तू, माझा बुद्धिबळाचा डाव चाललाय,’ म्हणाली.

उपाय सगळे झाले. काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासणं हा पहिला. वाटी काळी झाली की उष्णता उतरली असं शेजारपाजारच्या बायकांचं म्हणणं. वाटी रोज काळी होई, आग रोज तशीच राही. सब्जा झाला, मेथ्या झाल्या. एकीने गुलकंद सुचवला. मधुमेह्याला गुलकंद! मग पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात मज्जातंतूंची तपासणी झाली. पायाला विजेचे बारीक झटके देऊन तंतू निरोप किती वेगाने नेतात ते मोजतात, ती. रिपोर्ट नॉर्मल. तिथले तज्ज्ञ म्हणाले, ‘आजी, सगळं छान आहे. मनाला लावून घेऊ नका.’

आत्याला पायांपेक्षा हे वाक्य जास्त झोंबलं. परतीच्या एस.टी.त ती एक शब्द बोलली नाही. सातारा स्टँडवर उतरताना म्हणाली, ‘म्हणजे मी नाटक करते, असंच ना?’

पुढे साताऱ्यातल्याच एका डॉक्टरांनी तिच्या तळपायाला टाचणी लावून बघितली, गार-गरम नळी लावून बघितली, आणि पाच मिनिटांत तिला सांगितलं की हे खरं आहे. झटके देऊन होणारी तपासणी जाड तंतूंची असते. वेदना आणि तापमानाचे निरोप नेणारे तंतू अगदी बारीक असतात, ते त्या यंत्राच्या जाळ्यात सापडतच नाहीत. जाड तंतू धडधाकट आणि बारीक तंतू बिघडलेले, तर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि माणूस रात्रभर फरशीवर उभा राहतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत. त्यांच्यापैकी सर्वांचे पाय जळत नाहीत, पण ज्यांचे जळतात त्यांची संख्या थोडीथोडकी नसणार.

या दुखण्याला न्यूरोपॅथिक पेन म्हणतात. नेहमीची वेदना म्हणजे पोस्टमनने आणलेलं पत्र. हात भाजला, काटा रुतला, की तंतू तो निरोप मेंदूकडे पोचवतो. जखम भरली की पत्रं थांबतात. इथे पोस्टमनच बिघडलेला आहे. कुणी काही लिहिलेलं नाही, तरी हा स्वतःच पत्रं लिहून दारात टाकतो आहे, दिवसरात्र. नागीण होऊन गेल्यावर फोड वाळतात पण ती जागा महिनोन्‌महिने जळत राहते, ते हेच. कापून टाकलेल्या पायाचा अंगठा दुखतो, तेही याच जातीचं. बाहेर बघायला काही नाही, म्हणून घरच्यांचा विश्वास बसत नाही, आणि कधीकधी डॉक्टरांचाही.

रुग्णाच्या शब्दांवर भिस्त ठेवायची, तर शब्द तरी नेमके हवेत. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेच्या वर्णनाचे ७८ शब्द गोळा करून त्यांची प्रश्नावली केली. ती वाचताना मला वाटलं, आपली मराठी यात काही मागे नाही. ठणकतं, सलतं, चुरचुरतं, हुळहुळतं, भगभगतं, चमक मारते, कळ येते, मुंग्या येतात. यातलं ठणकणं वेगळं आणि भगभगणं वेगळं, हे कोणतीही आजी सांगेल. त्या साताऱ्याच्या डॉक्टरांनी आत्याच्या तोंडून भगभग, मुंग्या आणि टोचणं हे तीन शब्द ऐकले, तेव्हाच त्यांचा कान टवकारला होता म्हणे.

आता हा पोस्टमन बिघडतो म्हणजे नेमकं काय होतं? मज्जातंतूतून निरोप जातो तो विजेच्या लहरीच्या रूपाने, पण ही वीज तारेतल्यासारखी नसते. पेशीच्या आवरणात प्रथिनांची इवलीशी दारं असतात. दार उघडलं की बाहेरचे सोडियमचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, आत घुसतात. सोडियम म्हणजे आपल्या मिठातलाच. एक दार उघडलं की शेजारचं उघडतं, मग त्याच्या शेजारचं. लहर पुढे सरकते. सेकंदाच्या हजाराव्या भागात दार पुन्हा बंद. या दारांना आयन चॅनल म्हणतात. आपण विचार करतो, हात हलवतो, ‘आई गं’ म्हणतो, ते या दारांच्या उघडझापीवर.

हे कळलं ते माकुळामुळे. कोकणात ज्याचं कालवण होतं तोच समुद्री जीव. त्याच्या शरीरात एक मज्जातंतू अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो, आपल्या तंतूंच्या मानाने वासाच खरं तर. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९३९ साली प्लिमथच्या प्रयोगशाळेत त्या तंतूच्या आत विद्युताग्र सरकवून आतली वीज मोजली. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं आणि काम पडून राहिलं. युद्धानंतर पुन्हा माकूळ, पुन्हा मोजमाप. गणितं करायची वेळ आली तर केंब्रिजचा संगणक दुरुस्तीत अडकलेला. हक्स्लींनी हाताने दांडा फिरवायच्या यंत्रावर आठवडेच्या आठवडे आकडेमोड केली. १९५२ साली त्यांचे निबंध आले, १९६३ साली नोबेल मिळालं. पण त्यांनी दार पाहिलं नव्हतं; दारं असावीत, असा तो हिशेब होता. एकेका दारातून जाणारा प्रवाह जर्मनीत गोटिंगेनला एर्विन नेहर आणि बर्ट झाकमन यांनी १९७६ साली मोजून दाखवला. काचेच्या नळीचं टोक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं बारीक करून ते पेशीला चिकटवायचं आणि एक दार उघडल्याची चाहूल घ्यायची. एका अँपियरचे लाख कोटी भाग करा. त्यातल्या दोन-चार भागांएवढा हा प्रवाह. यांना नोबेल १९९१ मध्ये.

वॅक्समन यांची सगळी कारकीर्द या दारांभोवती गेली. मुळात ते मेंदू आणि मज्जासंस्थेचे डॉक्टर. १९८६ ते २००९ अशी तेवीस वर्षं येलच्या त्या विभागाचे प्रमुख. रुग्ण तपासायचे आणि प्रयोगशाळाही चालवायची. सुरुवातीला त्यांचा विषय वेदना हा नव्हताच. मज्जातंतूवरचं आवरण झिजतं तेव्हा सोडियमच्या दारांचं काय होतं, हे ते बघत होते. माणसात सोडियमची अशी नऊ प्रकारची दारं आहेत. काही मेंदूत, एक मुख्यतः हृदयात, एक स्नायूत. नॅव्ह १.७ नावाचं दार वेदना नेणाऱ्या बारीक तंतूंमध्ये भरपूर असतं. बारीकशी चळवळ मोठी करून पुढे ढकलणं हे त्याचं काम.

२००४ साली चीनमधल्या संशोधकांनी एरिथ्रोमेलाल्जियाच्या रुग्णांत नॅव्ह १.७ च्या जनुकातले दोष शोधून काढले. वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत हेच दार वर्षानुवर्षं अभ्यासलं जात होतं. त्यांनी ते दोष असलेली दारं पेशींमध्ये तयार केली, काचेची नळी लावली आणि त्याच वर्षी दाखवून दिलं की ही दारं नुसत्या धक्क्याने उघडतात आणि बंद व्हायला वेळ लावतात. म्हणजे वाऱ्याच्या झुळकीनेही उघडणारं, खिळखिळं झालेलं दार. जवळजवळ दोन हजार घटकांच्या प्रथिनातला एक, फक्त एक घटक बदललेला!

मला या ठिकाणी वाचताना थांबावं लागलं. पायांना आग लागलीय असं सांगणाऱ्या माणसाचं म्हणणं पहिल्यांदा कागदावर रेघेच्या रूपात उमटलं. निरोगी पेशीची रेघ शांत, रुग्णाच्या दाराची पेशी तडतडते आहे. आता कोण म्हणेल, मनाला लावून घेऊ नका?

दोनच वर्षांनी, २००६ साली, याची दुसरी बाजू उजेडात आली आणि तीही आपल्या शेजारच्या देशातून. उत्तर पाकिस्तानात दहा वर्षांचा एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवायचा. दंडातून सुरी आरपार घालायची, निखाऱ्यांवरून चालायचं. दुखायचं नाहीच. केंब्रिजचे डॉ. जेफ्री वुड्स आणि त्यांचे सहकारी त्या भागातल्या कुटुंबांचा अभ्यास करत होते. पण त्यांनी या मुलाला पाहण्याआधीच, चौदाव्या वाढदिवसाला घराच्या छपरावरून उडी मारून तो गेला. वेदना नाही म्हणून भीती नाही. तशाच सहा जणांची तपासणी झाली. कुणाची जीभ स्वतःच्याच दातांनी चावून विद्रूप झालेली, कुणाची हाडं मोडून गेली तरी पत्ता नाही. त्यांच्यात नॅव्ह १.७ हे दारच कामातून गेलेलं होतं. पुढे २०११ साली असंही दिसलं की अशा लोकांना वासही येत नाही. दुखणं नको रे बाबा असं आपण म्हणतो खरं, पण त्या मुलाची गोष्ट वाचल्यावर मी ते वाक्य जरा जपून वापरायला लागलो आहे.

दार खिळखिळं झालं तर आग, दारच नसलं तर वेदनाच नाही. म्हणजे ते दार नेमकं तेवढं बंद करणारी गोळी काढली की काम झालं, असं कुणालाही वाटेल. मोठमोठ्या औषध कंपन्यांनाही तेच वाटलं. दाताच्या डॉक्टरांचं बधिर करणारं इंजेक्शन सोडियमची दारं बंद करूनच काम करतं, पण ते दारांत भेद करत नाही. रक्तातून सगळीकडे गेलं तर हृदयाचीही दारं अडवायचं. नऊ भावंडं एकमेकांसारखी दिसतात आणि आपल्याला त्यांच्यातल्या एकाचाच हात धरायचाय. एका नव्या औषधाची चाचणी एरिथ्रोमेलाल्जियाच्या पाच रुग्णांवर झाली, २०१६ साली तिचे निष्कर्ष आले. काही जणांची आग कमी झाली. पण मधुमेहाच्या वेदनेसारख्या सर्रास दुखण्यांवर नॅव्ह १.७ ची औषधं अपेक्षेला उतरली नाहीत.

त्याच वर्षी वॅक्समन यांच्या गटाने मात्र जुन्याच औषधातून एक गंमत केली. कार्बामाझेपिन हे फेफऱ्यावरचं औषध आपल्याकडेही अनेक वर्षं वापरात आहे. दाराच्या रचनेचा संगणकावर अभ्यास करून त्यांनी आधीच भाकीत केलं की अमुक एक दोष असलेल्या रुग्णांना ते लागू पडेल. त्या दोषाच्या दोन रुग्णांना ते दिलं, आणि त्यांचा वेदनेत जाणारा वेळ खरोखर घटला. दोनच रुग्ण, कबूल. पण ‘घेऊन तर बघा’ यापेक्षा हे वेगळं होतं.

हे सगळं दुर्मीळ रोगाबद्दल झालं, आत्याचं काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. तिचे तंतू साखरेने बिघडवले आहेत, जनुकातल्या दोषाने नाही. तेव्हा अलाबामाचं कारण जसंच्या तसं तिला लावता येत नाही. पण दोन्हीकडे जळतात ते बारीक तंतूच. २०१२ साली नेदरलँड्समधले डॉक्टर आणि येलचा गट यांनी मिळून असे २८ रुग्ण तपासले, ज्यांचे बारीक तंतू बिघडलेले होते पण कारण काही केल्या सापडत नव्हतं. त्यांच्यातल्या ८ जणांच्या नॅव्ह १.७ मध्ये दोष निघाला. ‘कारण नाही’ या खणात टाकलेल्या माणसांपैकी चौथा हिस्सा एकदम कारण असलेल्या खणात आला.

आत्याची सध्याची गोळी प्रीगाबालिन. हिचीही एक कथाच आहे. मेंदूतल्या एका शांत करणाऱ्या रसायनाची नक्कल म्हणून या जातीची औषधं बनवली गेली; प्रत्यक्षात ती काम करतात ती कॅल्शियमच्या दारांच्या एका भागावर, हे नंतर कळलं. ठरवलं एक, झालं दुसरंच. गोळीने आत्याची आग निम्म्यावर आली आहे. सकाळी डोकं जड असतं आणि पायांवर थोडी सूज येते, पण ती रात्री चार-पाच तास सलग झोपते. दुसरीकडे लंडनच्या जॉन वुड यांच्या गटाने १९९६ साली ओळख करून दिलेल्या नॅव्ह १.८ या दारावरचं सुझेट्रिजिन हे औषध अमेरिकेत ३० जानेवारी २०२५ रोजी मंजूर झालं. अफूच्या जातीचं नसल्याने त्याची चटक लागण्याचा धोका नाही, असं मानतात. ही मंजुरी ऑपरेशननंतरच्या वगैरे तात्पुरत्या वेदनेसाठी आहे. सायटिकाच्या चाचणीत साखरेच्या गोळीनेही जवळजवळ तेवढाच आराम पडला, असं २०२४ च्या डिसेंबरात जाहीर झालं. मधुमेही रुग्णांवरच्या २०२३ सालच्या छोट्या चाचणीत चिन्हं बरी दिसली आणि त्यानंतर मोठ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या. तेव्हा आत्याला मी काही आश्वासन दिलेलं नाही.

तिला मी सांगितली ती वेगळीच गोष्ट. तिच्या शेजारी एक काकू आहेत. त्यांनाही मधुमेह, तोही आत्यापेक्षा जुना. पाय त्यांचेही जळतात, पण ‘जरासे’. काकू दर दोन दिवसांनी येऊन म्हणतात, ‘मला नाही बाई एवढं होत. तुम्ही लक्षच देऊ नका तिकडे.’ आत्या चहा करते आणि गप्प बसते.

वॅक्समन यांच्या गटाने २०१९ साली एका आई आणि मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघांच्या नॅव्ह १.७ मध्ये अगदी तोच दोष, पण मुलाला वेदना खूप आणि आईला त्या मानाने कितीतरी कमी. घरोघर लोक काय म्हणतील? आई सोशिक, मुलगा नाजूक. संशोधकांनी दोघांच्या शरीरातल्या पेशी घेतल्या, त्यांच्यापासून प्रयोगशाळेत वेदनेच्या तंतूंच्या पेशी वाढवल्या. तिथे ना आई होती, ना मुलगा, ना कुणाचा स्वभाव. नुसत्या काचेच्या बशीतल्या पेशी. तरीही मुलाच्या पेशी जास्त तडतडत होत्या आणि आईच्या कमी. शोध घेतला तर आईच्या जनुकांत आणखी एक फरक सापडला. पेशीला शांत करणारं पोटॅशियमचं एक दार तिच्यात जास्त जोमाने काम करत होतं. सोसण्याची ताकद काही अंशी तरी तंतूतच असते.

फोनवर हे ऐकून आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘हे असं तोंडी नको. तुमच्या अंकात छापून आण. काकू दर आठवड्याला वाचायला नेतात तो माझ्याकडून.’